लुगड्याशिवाय दूध न देणारी शेळी

माझी बायको गेली आणि तिची शेळी राहिली. उलटं झालं असतं तर हे लिहायची पाळीच आली नसती. शेळीसाठी कोण एवढं लिहितो?

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही गुरुजी मारत नव्हते म्हणून. पुढं हातात कोयता आला. आमच्या पाथर्डीकडं दसरा झाला की गावं रिकामी होतात. निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. तोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. आम्ही दोघं कोल्हारच्या बाजूला, प्रवरेच्या काठानं, कितीतरी हंगाम एक कोयता होतो. मी ऊस तोडायचो, ती मोळ्या बांधायची. भांडण कोणी काढायचं हे ठरलेलं नव्हतं, ज्याचा हात मोकळा असेल त्यानं काढायचं.

श्रावणात ती गेली. साधा ताप म्हणून निजली होती. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. मला शेळीचं सांगायचं आहे, आणि झोपेचं.

ती गेली तेव्हापासून माझी झोप उडाली. म्हणजे रात्रीची. दिवसा मी असा झोपायचो की कुत्रं ओट्यावर येऊन शेजारी पसरलं तरी कळायचं नाही. सकाळी भाकरी खाल्ली की डोळा लागायचा, दुपारी भाकरी खाल्ली की परत डोळा लागायचा. रात्री अंथरूण टाकलं की डोळे टक्क उघडे. मी उसाच्या फडात मोळीवर डोकं टेकून झोपलेला माणूस. भरल्या बैलगाडीवर बसल्या बसल्या झोपायचो, बैल आपसूक कारखान्याच्या रांगेत नेऊन उभे करायचे. त्या माणसाला पोरानं आणलेल्या गादीवर झोप येईना. पोरगा आणि सून दसऱ्यानंतर तोडीला गेले आणि घरात मी एकटा उरलो.

रात्री जागं राहून करायचं काय? मी अंगण झाडायचो. 

शेजारी आमची वहिनी राहते, माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तोडीवर माझ्या बायकोची आणि तिची एकच टोळी होती, भांडणंही एकत्रच व्हायची. एका सकाळी ती कुडावरून डोकावली.

"भावजी, रातच्याला खराटा फिरवीत जाऊ नका. पैल्या दिशी मला वाटलं ही आली."

"कोन?"

"तीच की तुमची. तिला झाडायची लई हौस."

"मंग भ्यालात का?"

"भ्यायचं काय त्यात? मी आतून म्हनलं, बाई आलीच हायस तर माझंबी अंगन झाडून जा."

एवढं बोलून वहिनी थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं माझ्या लेकीला फोन लावला. लेक राहात्याला दिलेली. घर पक्कं, दारात पेरूची बाग, जावई भला माणूस. बायकोचे दिवस झाल्यावर मी तिथं थोडे दिवस राहून आलो होतो. तिथं मला खुर्चीत बसवायचे आणि पंखा लावायचे. उठलो की कोणीतरी म्हणायचं, तुम्ही बसा. नातवंडं मोबाईल बघायची, मी नातवंडांकडं बघायचो. असं बसून बसून माझ्या बुडाला मुंग्या आल्या होत्या.

लेकीचा फोन आला. "तात्या, रातभर जागता, दिवसभर झोपता, जेवनाचा ठिकाना न्हाई. मोठी आई सांगत हुती, तुमी भिंतीसंगं बोलता."

"भिंतीसंगं न्हाई, शेळीसंगं."

"त्याच्यानं काय फरक पडतो?"

"शेळी वळून बघती."

ती हसली नाही. म्हणाली, "मी दिवाळी झाली की येते. तवर तुमची झोप सुधरली तर ठीक. न्हाईतर घराला कुलूप, शेळी बाजारात आन तुमी माझ्याकडं. ह्यात बदल व्हनार न्हाई." आवाज तिचा, पण बोलणं हुबेहूब आईचं. त्या बोलण्यापुढं माझं आयुष्यात कधी चाललं नव्हतं.

घर सोडायचं म्हणजे काय, ते तिला फोनवर सांगता येईना. ह्या ओट्यावर तिच्या आईची बसायची जागा आहे. मी एवढा जागा असतो, पण त्या जागेवर अजून बसत नाही. राहात्याच्या खुर्चीत बसून मी कोणाची जागा मोकळी ठेवणार?

म्हणून मी जीपनं पाथर्डीला दवाखान्यात गेलो. डॉक्टर माझ्या नातवाएवढा दिसत होता.

"आजोबा, झोप कधीपासून नाही?"

"ती गेल्यापासून."

"कोण गेली?"

"बायको. झोप तिच्याच मागनं गेली."

त्यानं लिहिणं थांबवलं. मग बरंच विचारलं. भूक लागते का, कशात मन रमतं का, दिवसा किती झोपता, चहा किती पिता. चहाचं मी खरं सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "गोळी देता येईल, पण रात्री गोळीच्या गुंगीत उठलात आणि पडलात तर हाड मोडून बसाल. आधी बाकीचं करून बघू. सकाळी रोज एकाच वेळी उठायचं. दुपारनंतर चहा बंद. दिवसा झोपायचं नाही, उन्हात फिरायचं. आणि आजींबद्दल कोणाशी तरी बोलायचं."

"बोलू कुनाशी? गाव तोडीला गेलंय."

"घरी कोण आहे?"

"शेळी."

तो हसला. "मग शेळीपासून सुरुवात करा. पण तिच्यावरच थांबू नका. महिन्यानं परत या. आणि मधेच जगणंच नको वाटायला लागलं, तर महिना थांबायचं नाही. त्याच दिवशी यायचं."

"जगायला माझी हरकत न्हाई, डॉक्टर. रात लई लांब हाय, एवढंच."

त्यानं पाठीवर हात ठेवला. येताना जीपमध्ये मला एवढी गाढ झोप लागली की आमचा फाटा मागं गेला आणि पुढच्या गावातून चालत यावं लागलं. दिवसा झोपायचं नाही हा पहिला नियम मी असा पाळला.

आता शेळी. काळी, एका कानाला पांढरा ठिपका, आणि स्वभावानं थेट मालकिणीवर गेलेली. आधीच्या सगळ्या वेतांत तिची धार बायकोच काढायची. या वेताला दोन बोकडं झाली होती, तीच सगळं दूध पिऊन टाकायची, म्हणून कोणाला धार काढायची वेळ आली नव्हती. तोडीला जाताना पोरानं बोकडं विकली. दुसऱ्या दिवशी शेळीची कास तट्ट फुगली आणि तिनं जे ओरडायला सुरुवात केली ते थांबेचना.

मी भांडं घेऊन बसलो. तिनं लाथ मारली. भांडं तिकडं, मी इकडं. मी तिला शिव्या दिल्या, मग गूळ दिला. गूळ खाल्ला आणि परत लाथ मारली. पाय बांधून बसलो तर पान्हाच सोडेना, अंग चोरून उभी. कास दगडासारखी लागत होती. असंच राहिलं तर कास नासते, एवढं मला कळत होतं.

तेव्हा मला एक आठवलं. आमच्याकडं जुनी माणसं करायची, एका हाताची सवय लागलेलं जनावर दुसऱ्याला धार काढू देत नसलं की त्या बाईचं लुगडं अंगावर घ्यायचं. जनावर फसतं. पण बायकोची लुगडी कुठं होती? बारावं झाल्यावर रीतीप्रमाणं भावकीतल्या बायकांना वाटून टाकली होती. मीच म्हणालो होतो, घरात एकही ठेवू नका, मला दिसायला नको. तेव्हा शेळीचा विचार कोणी केला?

घरात सुनेचं एक पातळ दोरीवर विसरून राहिलं होतं. पातळ तर पातळ म्हणून मी ते कसंबसं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि शेळीजवळ गेलो. शेळीनं मला वरून खाली बघितलं आणि दावं तोडायचा प्रयत्न केला.

कुडावरून आवाज आला, "भावजी, ह्ये काय नेसलात?"

"सुनंचं पातळ."

"उलटं नेसलंय."

मी काय झालं ते सांगितलं. वहिनी पदर तोंडात धरून हसत होती. मग माझं लक्ष तिच्या अंगाकडं गेलं. वांगी रंगाचं इरकली लुगडं. माझ्या बायकोचं. वाटपात तिच्या वाट्याला आलेलं.

"वैनी, ते लुगडं द्या सांजंपुरतं."

"देनार न्हाई. मी नेसलेय. मी काय उघडी बसू?"

"शेळी मरंल."

"मंग मी येते धार काढायला. तुमी मातूर त्ये पातळ फेडा. मुक्या जनावराला कशाला असलं दाखवायचं?"

ती आली. शेळीनं पदर हुंगला. ते लुगडं त्यानंतर किती वेळा धुतलं गेलं असेल, त्याला वास कसला राहणार? पण शेळीनं मान खाली घातली, पाय फाकवून उभी राहिली आणि पान्हा सोडला. भांड्यात धार वाजायला लागली. वांगी रंगाची पाठ, वाकलेली, आणि तो आवाज. मी चूल पेटवायला म्हणून आत गेलो. चूल पेटलेलीच होती.

त्या दिवसापासून वहिनी दिवस उगवायला आणि दिवे लागायला येऊ लागली. निम्मं दूध तिचं, निम्मं माझं, असं ठरलं. तिनं यायच्या आत शेळी बाहेर बांधायची, कास पुसायची, चहाचं आधण ठेवायचं हे माझं काम. एखाद्या दिवशी उशीर झाला की दाराची कडी वाजायची.

"भावजी, जित्तं हाय का?"

"हाय."

"मंग उठा की. शेळी वरडून मेली."

संध्याकाळच्या दुधाचा चहा मात्र मला बंद होता. डॉक्टरचा निरोप मी वहिनीला सांगून चुकलो होतो. ती माझ्यासमोर बसून स्वतः चहा प्यायची आणि मला कपात कोरं दूध द्यायची. वर विचारायची, "गोड हाय का?"

दुपारी शेळीला घेऊन माळावर जायचो. तिथं डोळा लावायची सोय नव्हती, कारण जरा मान कलली की ती कोणाच्या तरी तुरीत शिरायची. आणि राहिलेली सगळी तूर भांडकुदळ म्हाताऱ्यांची. गावात उरलेच तेवढे. त्यांच्याशी भांडलो, मग बसलो, तंबाखू मळली, त्यांचे गुडघे ऐकले, माझी झोप सांगितली. त्यातल्या कोणाचीच झोप धड नव्हती. हे ऐकून मला फार बरं वाटलं. चांगली गोष्ट नाही, पण वाटलं खरं.

झोप एकदम आली नाही. सरकारी कामासारखी आली, हेलपाटे घालायला लावून. आधी पहाटेची आली, मग कधी मध्यरात्रीच्या अलीकडं येऊन थांबायला लागली. एखादी रात्र कोरीच जायची. डॉक्टरचं सगळं केलं, एक सोडून. बायकोबद्दल मी बोलत नव्हतो. वहिनी धार काढताना तिचं काही बोलायला लागली की मी चूल बघायला आत जायचो. आमच्या चुलीकडं जेवढं लक्ष दिलं गेलं तेवढं गावात कोणाच्या चुलीकडं गेलं नसेल.

दिवाळी झाली आणि लेक आली. एका पिशवीत पेरू, दुसरी पिशवी रिकामी. रिकामी कशाला ते मी विचारलं नाही. माझे कपडे घालायला, दुसरं काय?

"दोन राती बघते," म्हणाली. "मंग ठरवू."

मी म्हटलं बघ की. अंथरुणावर पडलो. ती आतल्या खोलीत, दार उघडं. आणि सांगतो, झोप अशी चीज आहे की तिला कळलं आज परीक्षा आहे, तर ती उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. आदल्या रात्री बऱ्यापैकी झोपलेला मी, त्या रात्री छताकडं बघत पडलो. कूस बदलली की वाटायचं, हिनं ऐकलं. शेवटी मी एक शक्कल लढवली. घोरायला लागलो. चांगला, जोरात, भरलेला ट्रॅक्टर चढ चढतो तसा. घसा सुकला तरी सोडलं नाही. आतून काही आवाज आला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

सकाळी मी नेहमीप्रमाणं शेळी बांधली. वहिनी येऊन धारेला बसली. लेक दात घासत बाहेर आली आणि जागेवर थांबली. तिला फक्त पाठ दिसत होती, वांगी रंगाची.

"आई," तिच्या तोंडून गेलं.

वहिनीनं मान न वळवता सांगितलं, "आई न्हाई गं, मोठी आई. तोंड धू आन ये, शेळी बुजंल."

मग तिघं ओट्यावर चहाला बसलो. बायकोची जागा सोडून.

"तात्या, झोप लागली का रात्री?"

"लागली की. गाढ."

"घोरत हुता."

"दमला की मानूस घोरतोच."

"तुमी कवापसनं घोराय लागला? ह्या घरात घोरायची ती आई. तुमी तर असं निजायचा की आई मधीच उठून तुमच्या नाकाला हात लावून बघायची."

वहिनीच्या नाकातून चहा आला. माझी चोरी अशी पकडली गेली. मी जरा रागानंच म्हणालो, "मंग रात्रीच का न्हाई बोललीस? माझा घसा तरी वाचला असता."

ती कप फिरवत बसली. "बोलनार हुते. उठून बसलेबी. पन तुमी अगदी तिच्यासारखं घोरत हुता. मधी ती एक शिट्टी वाजायची न्हाई का, ती सुदीक घेतलीत. बंद करा म्हनवंना."

मी चुलीकडं जायला उठलो होतो, पण पाय आत वळले नाहीत. बसलो. बसलो तो तिच्या जागेवर बसलो, हे मागाहून ध्यानात आलं.

आणि मग मी सांगायला लागलो. तोडीवर आमच्या कोप्या असायच्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, एकीला एक लागून. ऊस भरायला ट्रक कधीही यायचा. मुकादम "गाडी आली" म्हणून ओरडला की सगळ्यांनी उठायचं. एकदा एक नवा मुकादम आमच्या कोपीमागं निजलेला. झोपेत त्याला ट्रक घुरघुरताना ऐकू आला. तो ओरडला, "गाडी आली!" सगळी टोळी डोक्याला चुंबळी बांधून फडात उभी. थंडी अशी की दात वाजत होते. गाडी कुठंच नाही. आवाज मात्र येतोय. तो आमच्या कोपीतून.

"आन ही?" लेकीनं विचारलं.

"ही झोपलेली. सकाळी उठली आन मलाच इचारती, 'अवं, रात्री कुनाची गाडी आली हुती? लई गलका झाला.'"

वहिनी म्हणाली, "मी हुते की त्या टोळीत. तिला मी महिनाभर गाडीच म्हनत हुते."

लेक हसता हसता रडायला लागली, आणि मीही. वहिनी कोरड्या डोळ्यांनी आम्हा दोघांकडं बघून म्हणाली, "रडा. चहा निवू द्या माझा." पण उठली नाही. दुपारपर्यंत आम्ही तिचंच बोलत होतो, तिच्या खोड्या, तिच्या शिव्या, तिनं फेकून मारलेली ताटली. शेळी तोवर कोणाच्या तुरीत जाऊन आली ते देवाला ठाऊक.

त्या रात्री अंथरुणावर पडलो, एवढंच मला आठवतं. जागा झालो तेव्हा ऊन पायावर आलं होतं. धडपडत बाहेर आलो. शेळी निवांत रवंथ करत होती.

"धार?" मी विचारलं.

"कवाच काढली," लेक म्हणाली. "तुमाला दोनदा हाका मारल्या. मोठी आई नाकाला हात लावून बघून गेली."

खरं सांगतो, शेळीचा मला थोडा राग आला. माझ्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं.

लेकीनं रिकामी पिशवी घडी घालून ठेवली. म्हणाली, "तुमची झोप अजून काय धड झाली न्हाई, मला कळतं. पन हितं तुमी जागं असला तर निदान कोनाला तरी कळतं. माझ्याकडं तुमी गपचीप जागं ऱ्हाल." मग अटी सांगितल्या. डॉक्टरकडं ठरल्या वेळी जायचं, रात्री खराट्याला हात लावायचा नाही, आणि रोज दिवेलागणीला फोन. मी सगळ्याला व्हय म्हटलं. तिच्या आईनं मला तेवढं शिकवलं होतं.

निघताना ती वहिनीला म्हणाली, "मोठी आई, त्ये लुगडं मला देशील का?"

"मी गेल्यावर ने," वहिनी म्हणाली. "तवर ते शेळीचं हाय."

आता रोज दिवेलागणीला फोन वाजतो. परवा शेळी धारेला उभी होती, मी दावं धरून होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला. जेवलात का, फिरलात का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "तात्या, एकदा घोरा ना. तसं, शिट्टीचं."

"आता? उभ्यानं?"

"घोरा ना."

मग मी घोरलो. अंगणात, उभ्यानं, मोबाईल तोंडाशी धरून, मधली शिट्टी घेऊन. पलीकडं लेक ऐकत होती. इकडं शेळीनं कान टवकारले, वहिनीच्या लुगड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तिला काय वाटलं कोण जाणे, आणि अशी लाथ झाडली की भांडं पार कुडापर्यंत गेलं.

वहिनी दुधानं भिजलेला पदर पिळत उठली. "करा अजून गाडी," म्हणाली.

त्या दिवशी तिनं कोरा चहा प्यायला. मला तर तोही बंद होता. मी नुसता समोर बसलो.